भिजत घातलेलं भांडं

वादी कबीरच्या उतारावर, टायरच्या दुकानाला लागून
सहा टेबलांचं हॉटेल. बाहेर त्रेचाळीस अंश.
आचारी मोरोक्कोचा, मेकनेस गावचा, नाव लहसन.
नाव ऐकून हेमांगी खुर्चीतच हसली:
"चातुर्मास लागलाय, आणि मला तुम्ही
लसणाच्याच दारात आणून बसवलंत."

मी माझं पाठ वाक्य म्हटलं,
अकरा वर्षं सोहारला, सलालाला,
साइटवरच्या मेसमध्ये म्हणत आलोय ते:
मांस नको, कोंबडी नको, मासळी नको,
आणि हाडांचं पाणीसुद्धा नको.
या वाक्याला उत्तर म्हणून सहसा काकडी येते.
नाहीतर कुणी प्रेमाने सांगतं,
थोडंसंच चिकन आहे, बाजूला काढून खा.
"थोडंसंच" हा शब्द आता मला
न कळणाऱ्या भाषेतही कळतो.

लहसनने धर्म विचारला नाही, डॉक्टर विचारला नाही.
वरच्या फळीवरून एक कोरं ताजीन उतरवलं,
मातीचं, विदूषकाच्या टोपीसारखं झाकण.
यात अजून काहीच शिजलेलं नाही, म्हणाला,
पण आज नाही. हे रात्रभर पाण्यात राहायला हवं.
उद्या या.

चवळी, वाल, मटकी, सगळं भिजत घातलेलं पाहिलंय;
आमच्यासाठी भांडं भिजत घालणारा माणूस
पहिल्यांदाच पाहिला.
घरी येऊन पिठलं-भात खाल्ला, आणि का कोण जाणे
दोघंही अगदी कमी बोललो.

दुसऱ्या दिवशी हेमांगीने हळूच सांगितलं,
लसूण नको. आणि कांदाही.
कांदाही?
त्याने कपाळाला हात लावला.
ताजीनला तळाशी कांदाच अंथरतात,
त्यावर बाकीचे निजतात.
मग स्वतःशीच काही पुटपुटत आत गेला
आणि गाजराचे लांब काप अंथरले.
वर भोपळा, सलगम, रात्रीचे छोले,
दोन सुके आलुबुखारे, केशराची एक काडी
आणि मिठात मुरलेल्या लिंबाची साल.

झाकण उचललं तेव्हा चष्मा पांढरा झाला.
काही दिसायच्या आत वास आला,
आणि हेमांगी म्हणाली, अहो, हे तर आपलं
उपासाचं लिंबाचं लोणचं!
तिने रस्सा खुबूसने पुसून घेतला, मग बोटाने,
मग इकडेतिकडे बघून पुन्हा बोटाने.

तुळशीचं लग्न झालं
(बाल्कनीत, रंगाच्या डब्यातल्या तुळशीचं)
तसं आम्ही लहसनला जेवायला बोलावलं.
आता लसूण चालतो, म्हटलं, ये तू.
भरली वांगी, ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी.
वरणाच्या कुकरची शिट्टी झाली
तर बिचारा उठून उभाच राहिला.
आमच्याकडे जेवण असं ओरडत नाही, म्हणाला.
चटणी खाऊन डोळे पुसत त्याने आणखी मागितली.
मेकनेसला त्याची आई शुक्रवारी
सात भाज्यांचा कुसकुस करते, ते सांगितलं.
किती वर्षांत खाल्ला नाही, ते नाही सांगितलं.

आमचं ताजीन अजून त्याच फळीवर असतं.
काठाला हिरवा नेलपेंट, हेमांगीचाच.
दुसऱ्या कुणाचं त्यात शिजत नाही.

काल रात्री त्याचा फोन आला.
टायरच्या दुकानात नवा हिशेबनीस लागलाय, पारेख.
तुमच्या भांड्यात त्याचं शिजवू का?
शिजव की, म्हटलं, विचारायचं काय त्यात.
पण तो कांदा नाही म्हणतो.
ते तर तुला येतंच.
गाजर नाही म्हणतो. बटाटा नाही, सलगम नाही,
जमिनीखालचं काहीच नाही.
मग फोनमध्ये बराच वेळ
नुसता गॅसचा आवाज.
मग लहसन, अगदी बारीक आवाजात:
तळाला घालू काय?

मी हेमांगीकडे बघितलं.
कोपरापर्यंत कणीक लागलेली,
तिने मान वर न करताच सांगितलं:
"दुधीच्या चकत्या म्हणावं. जाड काप."